रांगेचा हिशोब मांडणारा मास्तर

हॉस्टेलवर राहणाऱ्याला रांग म्हणजे काय हे वेगळं सांगायची गरज नाही. सकाळी बाथरूमपुढे रांग, मग मेसमध्ये रांग, फॉर्म भरायला ऑफिससमोर रांग. सबमिशनच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात जी असते तिला रांग म्हणायचं की दंगल, हा प्रश्नच आहे! नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गेलं की सारं कोल्हापूर आपल्याच पुढे उभं आहे असं वाटतं. तर अशा या रांगेचंसुद्धा एक शास्त्र आहे, आणि त्याचा पाया घातला तो एका डॅनिश शाळामास्तराने. त्याचं नाव अ‍ॅग्नर क्रारुप अर्लँग.

नाव ओळखीचं वाटतंय ना? टेलिकॉमवाल्यांना तो युनिट म्हणून भेटतो, प्रॉडक्शनवाल्यांना ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरात आणि कॉम्प्युटरवाल्यांना एका प्रोग्रॅमिंग लँग्वेजचं नाव म्हणून. नाव सगळ्यांना पाठ आहे, फॉर्म्युलासुद्धा परीक्षेपुरता पाठ आहे, पण माणूस कोण होता हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. भातात खडे लागावेत तसे मध्ये मध्ये इंग्रजी शब्द लागतील, ते बाजूला काढून भात खावा ही विनंती.)

अर्लँगचा जन्म १ जानेवारी १८७८ चा, म्हणजे अगदी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी. डेन्मार्कच्या जटलंड भागात लोनबोर्ग नावाचं एक लहानसं खेडं आहे. त्याचे वडील तिथे शाळामास्तर होते आणि गावच्या चर्चचं कामही बघायचे. आई धर्मोपदेशकांच्या घराण्यातली. या आईच्या पूर्वजांमध्ये थॉमस फिंके नावाचे एक गणिती होऊन गेले. आपण शाळेपासून जे टॅन आणि सेक करत आलो, ती टॅन्जंट आणि सीकंट ही नावं या फिंकेसाहेबांनी १५८३ च्या पुस्तकात रूढ केली. म्हणजे गणिताचं थोडंफार घराण्यातच होतं म्हणायचं. पैसा मात्र घराण्यात नव्हता. खेड्यातल्या मास्तराच्या घरी तो कुठून येणार?

लहानपणची एक गोष्ट मला फार आवडते. संध्याकाळी मोठा भाऊ टेबलावर पुस्तक ठेवून वाचत बसायचा. पुस्तक एक आणि वाचणारे दोघं. मग अ‍ॅग्नर समोरच्या बाजूला बसायचा आणि तेच पुस्तक उलटं वाचायचा! अक्षरं डोक्यावर उभी, तरी त्याचं वाचन चालू. आमच्या रूममध्ये एका रेफरन्स बुकवर तिघी अभ्यास करतो तेव्हा मला हमखास त्याची आठवण येते, फक्त उलटं वाचायची कला अजून कोणाला जमलेली नाही. त्याला सगळ्यात जास्त वेड खगोलशास्त्राचं. ग्रहताऱ्यांवर तो कवितासुद्धा करायचा.

गावातली शाळा संपली, वरचा अभ्यास घरीच शिकवणीने झाला आणि अवघ्या चौदाव्या वर्षी तो कोपनहेगन विद्यापीठाच्या प्राथमिक परीक्षेला बसला. वय कमी म्हणून खास परवानगी काढावी लागली. पास झाला, तोही विशेष गुणवत्तेने. आता पुढे काय? तर लगेच कॉलेज वगैरे काही नाही. तो घरी परत आला आणि दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत मुलांना शिकवलं. शिकवता शिकवता स्वतः फ्रेंच आणि लॅटिन शिकून घेतलं. सोळाव्या वर्षी वडिलांना वाटलं की पोराला विद्यापीठात घालावं, पण पैशाचं गणित जुळेना. शेवटी एका लांबच्या नातेवाइकाने फुकट राहायला जागा दिली आणि फ्रेडरिक्सबोर्गच्या शाळेतून त्याची प्रवेश परीक्षेची तयारी झाली. आपल्याकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली ती साधारण याच काळानंतर, १९०१ पासून. खेड्यातल्या हुशार पोराला शहरात एक पथारी मिळाली की काय होतं ते इथल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

१८९६ मध्ये तो कोपनहेगन विद्यापीठात गेला, शिष्यवृत्तीवर. १९०१ मध्ये एम. ए. झाला. मुख्य विषय गणित, जोडीला खगोल, पदार्थविज्ञान आणि रसायन. आणि मग? इतका हुशार माणूस पुढची सात वर्षं वेगवेगळ्या शाळांत मास्तरकी करत राहिला. शिकवायचा चांगलं. पण स्वभाव अबोल, बोलायचा ते मोजकं, लोकांत मिसळण्यापेक्षा बाजूला बसून बघणं त्याला जास्त आवडायचं. मित्रांनी त्याचं टोपणनावच ठेवलं होतं, खासगी माणूस! उन्हाळ्याच्या सुट्टीत फ्रान्स, जर्मनी, स्वीडन, इंग्लंड असा फिरायचा, तिथली लायब्ररी नाहीतर चित्रांची दालनं बघायला. लग्न त्याने शेवटपर्यंत केलं नाही.

त्याच्या आयुष्याला वळण मिळालं ते गणित मंडळाच्या बैठकांमुळे. तिथे जेन्सन नावाचे एक गृहस्थ यायचे. हो, तेच जेन्सन, ज्यांची इनइक्वॅलिटी आपल्याला छळते! ते कुठल्या विद्यापीठात प्रोफेसर नव्हते, तर कोपनहेगन टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होते. त्यांनी अर्लँगची गाठ कंपनीचे मुख्य संचालक योहान्सेन यांच्याशी घालून दिली. योहान्सेनना एक प्रश्न सतावत होता, त्यावर त्यांनी स्वतः १९०७ मध्ये थोडं लिहिलंही होतं. पण त्यांना पक्का गणिती हवा होता. १९०८ मध्ये तीस वर्षांचा हा मास्तर शाळा सोडून टेलिफोन कंपनीत लागला.

आता हा प्रश्न काय होता ते नीट समजून घेऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे. त्या काळी नंबर फिरवला की फोन लागला असं नव्हतं. रिसीव्हर उचलायचा, एक्स्चेंजमधली ऑपरेटर मुलगी बोलायची, तिला कोण पाहिजे ते सांगायचं आणि ती समोरच्या बोर्डावर दोरीची पिन खुपसून लाइन जोडून द्यायची. (आपल्या आजी-आजोबांना विचारा, ट्रंक कॉल बुक करून तास तास वाट बघितल्याच्या गोष्टी सांगतील.) कंपनीपुढे पेच असा की ऑपरेटर किती ठेवायच्या आणि तारा किती टाकायच्या? कमी ठेवल्या तर गिऱ्हाईक खोळंबतं आणि ओरडतं. जास्त ठेवल्या तर मुली रिकाम्या बसतात आणि पगार फुकट जातो. अंदाजपंचे दाहोदर्शे चाललं होतं सगळं.

अर्लँगने १९०९ मध्ये पहिला निबंध छापला. त्यात त्याने दाखवलं की लोक फोन करतात तो कोणी कोणाला विचारून करत नाही. प्रत्येक जण आपापल्या मर्जीने कधीही रिसीव्हर उचलतो, आणि अशा हजारो मर्ज्या एकत्र केल्या की त्यातून पॉयसनचा नियम बाहेर येतो. म्हणजे पुढचा फोन कधी येईल हे देवालाही सांगता येणार नाही, पण तासाभरात अमुक इतके फोन यायची शक्यता किती, हे मात्र अचूक सांगता येतं. बेशिस्तीतली शिस्त म्हणा ना!

इथे मी जरा टेलिफोन बाजूला ठेवते आणि माझ्या मावशीची गोष्ट सांगते. माझी मावशी फार्मासिस्ट आहे. इथल्याच एका दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसते. दवाखान्याचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, खिडक्या सगळीकडे सारख्याच. ओपीडी सुटायला लागली की खिडकीपुढे लाइन लागते. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, कुठून कुठून माणसं आलेली असतात. सकाळी केसपेपर काढायला लाइन, मग डॉक्टरसाठी लाइन, आणि आता गोळ्यांसाठी. गावाकडची एस. टी. गाठायची असते, दिवसाचा रोजगार बुडालेला असतो. मग राग कोणावर निघणार? समोर बसलेल्या माणसावर. मावशीला दिवसभर एकच ऐकायला लागतं, की बाई, तुमचा हात लई संथ आहे. ती घरी येऊन बोलत नाही, पण आईला म्हणाली होती की आता घाई करते आणि घाईत चुकीची स्ट्रिप हातात जाईल याची रोज भीती वाटते.

गेल्या सेमिस्टरला आम्हाला क्यूइंग थिअरी होती. मी एका शनिवारी त्या खिडकीपाशी बाकड्यावर वही घेऊन बसले. बघता बघता लक्षात आलं, की मावशी मध्ये मध्ये चक्क रिकामी असते! दोन-चार मिनिटं कोणी नसतं, मग एकदम सहा माणसं. मावशीचा हात संथ नव्हता. गोष्ट दुसरीच होती, आणि ती अर्लँगने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवली होती.

हिशोबाला सोपे पडावेत म्हणून गोल आकडे घेऊ. समजा एका पेशंटला औषध द्यायला सरासरी २ मिनिटं लागतात. म्हणजे तासाला ३० जणांचं काम होऊ शकतं. आणि समजा तासाला येतात २७ जण. साधा विचार केला तर काय वाटतं? ३० ची ताकद आहे, २७ च येतात, मग लाइन लागायचं कारणच काय? उलट तासात ६ मिनिटं बाई मोकळ्याच असणार. पण गणित म्हणतं की प्रत्येक पेशंटला आपला नंबर यायला सरासरी १८ मिनिटं थांबावं लागेल, आणि लाइनीत कोणत्याही वेळी सरासरी ८ माणसं दिसतील. कारण माणसं घड्याळ लावून दर सव्वादोन मिनिटांनी एक अशी येत नाहीत. कोणी नसताना जी मिनिटं रिकामी गेली ती बरणीत भरून ठेवता येत नाहीत, आणि गर्दी झाली तेव्हा ती परत काढता येत नाहीत.

तासाला २४ जण आले असते तर थांबणं ८ मिनिटांवर आलं असतं. आणि २७ च्या ऐवजी २८.५, म्हणजे फक्त दीड माणूस जास्त, तर थेट ३८ मिनिटं! भार ८० टक्क्यांवरून ९० वर गेला की वाट बघणं दुपटीहून जास्त वाढतं, ९५ वर गेला की त्याच्याही दुप्पट. मला वाटतं, आपल्याकडच्या ऑफिसांत बसणाऱ्या साहेबलोकांना हे एवढं एकच कोष्टक फ्रेम करून द्यायला पाहिजे. माणूस पूर्ण वेळ कामात जुंपलेला दिसला की त्यांना बरं वाटतं. पण खिडकीवरच्या माणसाला एक मिनिटाचीही उसंत नाही याचा अर्थच असा, की खिडकीबाहेर लाइन पार गेटपर्यंत गेलेली आहे.

अर्लँगचं खरं मोठं काम १९१७ सालचं. पहिलं महायुद्ध चालू होतं, डेन्मार्क त्यात नव्हतं. ऑटोमॅटिक एक्स्चेंजेस येऊ घातली होती आणि त्यांचं गणित मांडताना त्याने दोन सूत्रं दिली. एक अशा जागेसाठी, जिथे सगळ्या लाइनी बिझी असल्या की फोन लागतच नाही, गिऱ्हाईक गेलं ते गेलं. दुसरं अशा जागेसाठी, जिथे गिऱ्हाईक थांबून राहतं. आज पुस्तकांत यांना अर्लँग बी आणि अर्लँग सी म्हणतात. औषधाच्या खिडकीला हे दुसरं लागू पडतं. (पहिलंही लागू पडतंच थोडंसं. लाइन बघून पेशंट परत फिरतो, फुकट मिळणारं औषध सोडून देतो आणि बाहेरच्या दुकानातून पदरचे पैसे घालून घेतो. नाहीतर घेतच नाही. तो रजिस्टरमध्ये कुठेच दिसत नाही.)

दुसऱ्या सूत्रात आपलेच आकडे घालून बघा. तासाला २७ पेशंट, प्रत्येकाला २ मिनिटं, पण आता एका खिडकीच्या दोन केल्या आणि लाइन एकच ठेवली, जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा जाईल. थांबणं किती होईल? १८ चं निम्मं ९ मिनिटं? अजिबात नाही. अर्धं मिनिट! मी तीन वेळा गणित केलं, कारण माझाच विश्वास बसेना. आणि याच दोन खिडक्यांना दोन वेगळ्या लाइनी लावल्या, बायकांची एक आणि पुरुषांची एक अशा सारख्या, तर मात्र १ मिनिट ३८ सेकंद लागतात. माणसं तेवढीच, फार्मासिस्ट तेवढेच, फक्त लाइन तोडली म्हणून वाट बघणं तिपटीहून जास्त. एका खिडकीवर बाई नुसती बसलेली आणि शेजारच्या लाइनीत पाच जण उभे, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय की!

आता कोणी म्हणेल, दुसरा फार्मासिस्ट आणायचा कुठून? प्रश्न बरोबर आहे. १९४८ च्या फार्मसी अ‍ॅक्टप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच द्यायचं असतं, शिपायाला खिडकीत बसवून चालत नाही. पण इथेही अर्लँगची एक युक्ती कामाला येते. एखादं काम किती वेळ चालेल याचा विचार करताना त्याने त्याचे टप्पे पाडले. एकामागून एक सारख्या टप्प्यांत काम होतं असं धरलं की वेळेचा जो आकार मिळतो, त्याला आपण अर्लँग डिस्ट्रिब्युशन म्हणतो. खिडकीवर टप्पे कोणते? डॉक्टरचं अक्षर लावणं (हा टप्पा सगळ्यात अवघड!), कपाटातून औषध काढणं, नोंद करणं, आणि कोणती गोळी कधी घ्यायची हे समजावून सांगणं. असे चार सारखे टप्पे धरले तर तासाला २७ पेशंटचं एका खिडकीवरचं थांबणं १८ वरून सव्वाअकरा मिनिटांवर येतं. कारण वेळ तेवढाच लागला तरी तो कमी-जास्त होणं कमी झालं. म्हणजे दर पेशंटला लागणारा वेळ एकसारखा ठेवणं हेसुद्धा लाइन कमी करायचं औषध आहे. महिन्याभराची बीपी-शुगरची मोठी चिठ्ठी आणि दोन पॅरासिटामॉल यांना एकाच लाइनीत घातलं की वेळ कमी-जास्त होणारच, म्हणून महिन्याच्या चिठ्ठ्यांना दुपारचा वेगळा वेळ देता येतो.

याहून मोठा फायदा दुसऱ्या गोष्टीत आहे. टप्पे पाडले की दिसतं, नोंद करण्याचं काम फार्मासिस्टनेच करायला पाहिजे असं काही नाही. ते क्लार्कने केलं आणि दर पेशंटमागे अर्धंच मिनिट वाचलं, २ चं दीड मिनिट झालं, तर एकाच खिडकीवर १८ मिनिटांचं थांबणं ३ मिनिटांच्या आसपास येतं. अर्ध्या मिनिटाच्या बदल्यात पंधरा मिनिटं! पण हे अर्धं मिनिट समजावून सांगण्याच्या टप्प्यातून कापायचं नाही. तिथे कापलं तर लाइन कमी होईल आणि आजी जेवणाआधीची गोळी जेवणानंतर घेतील.

एक सावधगिरीची सूचना, नाहीतर आमचे ओ. आर. चे सर मला लेखाचेसुद्धा मार्क कापतील. अर्लँगचा हिशोब धरून चालतो की माणसं आपापली येतात. ओपीडीत तसं नसतं, डॉक्टर एकदम उशिरा बसतात, मग घोळक्याने पेशंट बाहेर पडतात. अशा वेळी प्रत्यक्ष थांबणं सूत्रापेक्षा जास्तच निघतं. म्हणून दिवसाची सरासरी काढून उपयोग नाही, तासातासाचा वेगळा हिशोब करावा लागतो. टेलिफोन कंपन्यासुद्धा तेच करायच्या, सगळ्यात गर्दीचा तास धरूनच लाइनी मोजायच्या.

तर परत कोपनहेगनला जाऊ. कंपनीत त्याला सुरुवातीला हाताखाली माणसंच नव्हती. गणिताव्यतिरिक्त लॅबोरेटरीची कामंही त्याच्याकडे होती, आणि जमिनीखालच्या केबलजवळ भलतीकडेच वाहणारा करंट मोजायचं काम तो स्वतः करायचा. कोपनहेगनच्या रस्त्यावर लोकांना एक दृश्य नेहमी दिसायचं. पुढे साहेब, मागे शिडी घेतलेला कामगार. रस्त्यातल्या मॅनहोलचं झाकण काढायचं, शिडी आत सोडायची आणि साहेब खाली उतरायचा. जगभरातल्या टेलिफोन कंपन्या ज्याची सूत्रं वापरणार होत्या तो माणूस चक्क गटारासारख्या भोकात उतरून मीटर बघतोय! मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर या शिडीमुळे वाटतो. थिअरीवाले आणि प्रॅक्टिकलवाले अशी भांडणं आपल्याकडे चालतात ना, त्याच्या बाबतीत हा वादच नव्हता.

लिहायचा मात्र फार कंजूषपणे. जितकं बोलणं मोजकं तितकंच लिहिणं. पुष्कळदा सिद्धता द्यायचाच नाही, नुसतं उत्तर. (परीक्षेत आपण असं केलं तर?) शिवाय लिहायचा डॅनिशमध्ये. तरी १९१७ च्या निबंधाचं इंग्रजीत भाषांतर झालं, ब्रिटिश पोस्ट ऑफिसने त्याची सूत्रं वापरायला घेतली. असंही सांगतात की अमेरिकेतल्या बेल लॅबमधला एक संशोधक केवळ अर्लँगचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश शिकला. आपल्या भाषेत लिहिलं तर कोण वाचणार, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. अर्थात, लिहिण्यात तेवढा दम पाहिजे.

घरी त्याच्या पुस्तकांचा मोठा संग्रह होता. गणित, खगोल, पदार्थविज्ञान तर होतंच, पण इतिहास, तत्त्वज्ञान आणि कवितेचीही आवड होती. मित्रांना काही अडलं की ते त्यालाच विचारायचे. आणि एक गोष्ट अशी, की जी कुठल्याच टेक्स्टबुकात येत नाही. अडलेली, गरजू माणसं मदतीसाठी त्याच्या लॅबोरेटरीत येत असत. तो मदत करायचा, पण अशी की शेजारच्यालाही पत्ता लागू नये. लोकांना किती थांबावं लागतं याचं गणित मांडणाऱ्या माणसाच्या दारात गरजू माणसं यायची आणि त्यांना तो फार थांबवत नसावा, असं आपलं मला वाटतं.

जवळजवळ वीस वर्षं त्याने त्या कंपनीत नोकरी केली आणि आजारपणाची एक रजा घेतली नाही. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या ऑपरेशनसाठी त्याला हॉस्पिटलमध्ये जावं लागलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ फेब्रुवारी १९२९ ला, रविवारी तो गेला. वय फक्त ५१.

मोठेपण मात्र नंतर वाढतच गेलं. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रो इथे टेलिफोनवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने टेलिफोनच्या भाराच्या युनिटला अर्लँग हे नाव दिलं. एक लाइन एक तास सतत गुंतलेली असली तर १ अर्लँग. व्होल्ट, अँपिअर, वॅट यांच्या पंगतीत आमचा मास्तर जाऊन बसला! आपल्या खिडकीचा भार काढा बघू. २७ पेशंट गुणिले २ मिनिटं म्हणजे ५४ मिनिटं, म्हणजे ०.९ अर्लँग. पुढे १९५० च्या दशकात केंडॉलने रांगांना ती एम, एम, वन वगैरे नावं दिली, १९६१ मध्ये लिटलने आपला नियम सिद्ध केला, आणि रांगेचं शास्त्र बँका, विमानतळ, कारखाने, दवाखाने असं सगळीकडे पसरलं. १९८६ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक प्रोग्रॅमिंग लँग्वेज तयार झाली, तिचं नावही अर्लँगच. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर याच लँग्वेजवर उभे राहिले. म्हणजे रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या ग्रुपवर जे काही चालतं (रेक्टर मॅडम, माफ करा) ते या बोलायला लाजणाऱ्या माणसाच्या नावावरून जातं.

मावशीला मी सगळा हिशोब दाखवला. सूत्रात तिला काही रस नव्हता. १८ मिनिटं आणि अर्धं मिनिट हे दोन आकडे मात्र तिने दोनदा विचारून घेतले, आणि तिचा हात संथ नाही हे गणिताने सांगितलं म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसली. मग फार्मासिस्ट बाईसारखी लगेच कामावर आली. म्हणाली की दिवसभर दुसरा माणूस मागितला तर मिळणार नाही, पण स्टोअरमध्ये दुसरे फार्मासिस्ट आहेत, स्टॉक लावायचं त्यांचं काम दुपारी होऊ शकतं. त्यांना फक्त गर्दीच्या दोन तासांसाठी खिडकीवर द्या, एवढंच मागते. अर्ज तिने लिहिला, जोडीला एक पान माझं, तासातासाच्या आकड्यांचं. साहेबांना एका नजरेत समजेल अशा मराठीत दे, अशी तिची अट होती. अर्ज सध्या साहेबांच्या टेबलावर आहे, आपला नंबर यायची वाट बघत.